स्वस्त लहान मोटारींची दीर्घकालीन विश्वसनीयता : प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८०० यांच्या निमित्ताने

जुनी, लहान आणि अल्प किमतीची मोटार किती वर्षे भरवशाने चालते, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ व्यवहारातला आहे. त्याचे उत्तरही व्यवहारात तयारच असते. ‘पूर्वीच्या गाड्या मजबूत होत्या’, ‘इंजिन चांगले असले म्हणजे झाले’, ‘दहा वर्षांनंतर गाडी ठेवू नये’ अशी विधाने आपण नेहमी ऐकतो. ही विधाने परस्परविरोधी आहेत, आणि तरीही त्यांपैकी प्रत्येकात अनुभवाचा काही अंश आहे. तो अंश वेगळा काढावयाचा, तर ‘विश्वसनीयता’ या शब्दाने आपण नेमके काय मोजू पाहतो याचा प्रथम विचार केला पाहिजे. प्रस्तुत लेखात हा विचार दोन परिचित मोटारींच्या आधारे करावयाचा आहे. एक, मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने अर्धशतकाहून अधिक काळ रस्त्यावर असलेली फियाट अथवा प्रीमियर पद्मिनी. आणि दुसरी, १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेली मारुती ८००.

१. शब्दांची फोड

बोलताना आपण ज्याला ‘भरवसा’ म्हणतो त्यात किमान चार निरनिराळ्या कल्पना मिसळलेल्या असतात. पहिली टिकाऊपणाची : यंत्र पूर्णपणे निकामी होण्यापूर्वी किती काळ जातो. दुसरी विश्वसनीयतेची : दिलेल्या मुदतीत, दिलेल्या परिस्थितीत यंत्र न बिघडता काम करील याची संभाव्यता किती. तिसरी दुरुस्तीसुलभतेची : बिघडलेले यंत्र किती वेळात व किती खर्चात पूर्ववत् होते. चौथी उपलब्धतेची : आपल्याला हवे तेव्हा यंत्र चालू स्थितीत सापडते काय.

या चौथ्या कल्पनेचे महत्त्व एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एक मोटार सरासरीने दर साठ दिवसांनी बिघडते, पण अर्ध्या दिवसात दुरुस्त होते. दुसरी तीनशे दिवसांतून एकदाच बिघडते, पण सुट्या भागासाठी दहा दिवस उभी राहते. दोन बिघाडांमधील सरासरी काळाला, तो काळ व दुरुस्तीचा काळ यांच्या बेरजेने भागले असता उपलब्धता मिळते. पहिल्या मोटारीची उपलब्धता ६० भागिले ६०.५, म्हणजे सुमारे ९९.२ टक्के होते. दुसरीची ३०० भागिले ३१०, म्हणजे सुमारे ९६.८ टक्के. विश्वसनीयतेच्या दृष्टीने दुसरी मोटार पाचपट सरस आहे. परंतु रोजच्या कमाईसाठी मोटारीवर अवलंबून असणाऱ्या चालकाला पहिलीच अधिक भरवशाची वाटेल, आणि त्याचे वाटणे चूक म्हणता येणार नाही. पुढील सर्व विवेचनाचे सूत्र या लहानशा गणितात आहे.

२. झिजेचे स्वरूप

यंत्राच्या आयुष्यात बिघाडाचे प्रमाण सर्वकाळ सारखे नसते. आरंभी कारखान्यातील उणिवांमुळे ते अधिक असते, मग ते खाली येऊन बराच काळ स्थिर राहते, आणि अखेरीस झिजेमुळे पुन्हा चढते. आलेखावर हा वक्र न्हाणीच्या टबासारखा दिसतो, म्हणून त्यास तसेच नाव मिळालेले आहे. स्वीडिश अभियंता वालोडी वायबुल याने १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संख्याशास्त्रीय वितरणात या तिन्ही अवस्था एका आकारनिदर्शक अंकाच्या साहाय्याने मांडता येतात. तो अंक एकापेक्षा कमी असल्यास बिघाडाचे प्रमाण वयाबरोबर घटते, एक असल्यास स्थिर राहते, आणि एकाहून अधिक असल्यास वाढत जाते.

हे विवेचन एकेका सुट्या भागास नीट लागू पडते. संपूर्ण मोटार ही मात्र शेकडो भागांची साखळी आहे. एका वर्षात न बिघडण्याची प्रत्येक भागाची संभाव्यता ०.९९९ इतकी उत्तम धरली, तरी असे शंभर भाग सर्वच्या सर्व शाबूत राहण्याची संभाव्यता सुमारे ९० टक्के, आणि हजार भागांची अवघी ३७ टक्के येते. येथे भागांचे बिघाड परस्परांपासून स्वतंत्र मानलेले आहेत, हे खरे. तथापि साध्या रचनेच्या मोटारीला जो भरवसा प्राप्त होतो त्याचे एक कारण यातून उघड होते : जो भाग मोटारीत नाहीच, तो बिघडूही शकत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, मोटार हे दुरुस्त होणारे यंत्र आहे. वीस वर्षे वापरलेल्या मोटारीतील सर्व भाग वीस वर्षांचे नसतात. क्लच प्लेट दोन वर्षांपूर्वीची, रेडिएटर पाच वर्षांपूर्वीचा, बॅटरी गेल्या वर्षीची अशी ती अनेक वयांची मोट असते. म्हणून ‘मोटारीचे वय’ हा शब्दप्रयोग सोयीचा असला तरी यांत्रिक दृष्ट्या बराच संदिग्ध आहे.

३. पद्मिनीची घडण

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यातून ही मोटार बाहेर पडली. मूळ फियाट ११०० ची नवी, स्वतंत्र सांगाडा नसलेली आवृत्ती इटलीत १९५३ मध्ये आली. तिच्या पुढच्या सुधारित रूपावरून १९६४ पासून भारतात ‘डिलाइट’ तयार होऊ लागली, आणि १९७४ च्या सुमारास तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. इटलीत या जातीचे उत्पादन १९६० नंतरच्या दशकातच संपले. कुर्ल्यात ते शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिले. याचे कारण यंत्राच्या गुणात नव्हे, तर परवाना पद्धतीत आणि परदेशी मोटारींवरील निर्बंधांत शोधावे लागते. स्पर्धा नव्हती, म्हणून नमुना बदलण्याची निकड नव्हती.

रचना साधी होती. १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे इंजिन, बिडाचा ब्लॉक व त्यावर ॲल्युमिनियमचे हेड, तीन मेन बेअरिंगांवर फिरणारा क्रँकशाफ्ट, एक कार्ब्युरेटर, पॉइंट असलेला डिस्ट्रिब्यूटर, मागच्या चाकांना गती आणि मागील बाजूस पाटे. यातील जवळजवळ प्रत्येक झिजणारा भाग पुन्हा घडविता येण्याजोगा आहे. सिलिंडर झिजले तर बोअर मोठे करून वाढीव मापाचे पिस्टन घालता येतात. ती मर्यादा संपली की स्लीव्ह बसविता येते. क्रँकशाफ्ट घासून कमी मापाची बेअरिंगे वापरता येतात. तापून वाकलेले हेड पृष्ठभाग घासून सपाट करता येते. पॉइंट जळाले तर कानशीने साफ करून रस्त्यावरच गाडी चालू होते.

या गुणांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्वतंत्र सांगाडा नसल्यामुळे या मोटारीत पत्रा हाच सांगाडा आहे. त्यामुळे दाराखालची पट्टी, तळाचा पत्रा आणि पाट्यांचे आधार यांना गंज लागला, की इंजिन कितीही उत्तम असो, मोटारीचे आयुष्य संपत येते. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत ही गोष्ट अधिकच खरी ठरते. इंजिन नव्याने बांधण्याचा खर्च मोजता येतो. गंजलेल्या पत्र्याला जोड देत जाण्यास अंत नसतो. यास्तव जुन्या लहान मोटारीचे आयुष्य बहुधा इंजिन ठरवीत नाही, पत्रा ठरवितो. सामान्य ग्राहक मात्र प्रथम इंजिनाचाच आवाज ऐकतो.

४. मुंबईची टॅक्सी

टॅक्सी म्हणून वापर ही कोणत्याही मोटारीची कठोर परीक्षा होय, असा समज आहे. तो अंशतःच बरोबर आहे. इंजिनाच्या झिजेचा मोठा वाटा थंड इंजिन सुरू होण्याच्या क्षणांत असतो, कारण त्या वेळी तेल सर्वत्र पोहोचलेले नसते आणि मिश्रण पेट्रोलयुक्त असते. दोन पाळ्यांत चालणारी टॅक्सी दिवसातून क्वचितच थंड होते. तिच्या इंजिनाची दर किलोमीटरमागील झीज दारात उभ्या राहणाऱ्या खाजगी मोटारीपेक्षा कमी असू शकते. उलट क्लच, ब्रेक, किंगपिन, दारांच्या बिजागऱ्या हे भाग शहरी रहदारीत झपाट्याने झिजतात.

येथे वार्धक्याच्या दोन प्रकारांतील भेद ध्यानात येतो. एक वार्धक्य अंतराचे, दुसरे पंचांगाचे. पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, क्लच ही किलोमीटरने म्हातारी होतात. रबरी नळ्या, ऑइल सील, ब्रेकचे वॉशर, तारांवरील आवरण, बॅटरी आणि पत्रा ही वर्षांनी म्हातारी होतात. वर्षाकाठी दोन हजार किलोमीटर चाललेली पंधरा वर्षांची मोटार ‘कमी वापरलेली’ म्हणून मोलाची समजली जाते. वस्तुतः तिच्यात दुसऱ्या प्रकारचे वार्धक्य पुरेपूर भरलेले असते. उभ्या मोटारीच्या कार्ब्युरेटरात पेट्रोल सुकून चिकट थर बसतो आणि चाकांतील ब्रेकचे सिलिंडर गंजून अडकतात.

टॅक्सीच्या दीर्घायुष्यात आणखी एका घटकाचा वाटा होता आणि तो मोटारीच्या बाहेर होता. एकाच जातीच्या हजारो मोटारी एका शहरात, कित्येक दशके, फारसा बदल न होता चालत राहिल्याने तिच्याभोवती दुरुस्तीचे एक संपूर्ण जगच उभे राहिले. कुर्ल्याच्या बाजारात नवा, जुना अथवा मोडीतून काढलेला कोणताही भाग मिळे. गॅरेजमध्ये वस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या मिस्त्रीला या एका यंत्राचे ज्ञान इतके सखोल असे की, बिघाडाचे निदान तो बहुधा आवाजावरून करी. कारखान्यातून आलेली नवी मोटार अनेकदा सदोष असे. ती घेतल्यावर प्रथम गॅरेजची वाट धरावी लागे, ही त्या काळातील ग्राहकांची नित्याची तक्रार होती. म्हणजे जी विश्वसनीयता कारखान्याने पुरती दिली नाही, ती मिस्त्रीने आणि सुट्या भागांच्या बाजाराने निर्माण केली.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशान्वये २००० नंतरच्या काही वर्षांत टॅक्सी सीएनजीवर आल्या, तेव्हा या व्यवस्थेची कसोटी लागली. वायुरूप इंधनात पेट्रोलचा ओलावा नसल्याने व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठका अधिक झिजतात. शिवाय डिकीतील जड टाकीचा भार मागील पाट्यांवर सतत राहतो. मूळ आराखड्यात या दोन्ही गोष्टींचा विचार असणे शक्य नव्हते. तरीही बैठका कठीण धातूच्या बसवून व पाट्यांत भर घालून ही मोटार पुढे कित्येक वर्षे चालली. जुन्या यंत्राची जुळवून घेण्याची क्षमता हीदेखील त्याच्या विश्वसनीयतेचाच एक भाग मानावी लागेल.

५. मारुती ८०० : बिघाडाच्या स्वरूपातील पालट

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली. सुझुकीच्या सहकार्याने गुडगाव येथे तयार झालेल्या या मोटारीचे इंजिन ७९६ घन सेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे होते. गती पुढच्या चाकांना होती. वजन सुमारे साडेसहाशे किलोग्रॅम, म्हणजे पद्मिनीहून जवळजवळ अडीचशे किलोने कमी. वजन कमी म्हणजे ब्रेक, टायर व क्लच यांवरील ताण कमी. मापे अधिक काटेकोर, म्हणजे आरंभीच्या उणिवा कमी. टबाच्या आकाराच्या ज्या वक्राचा वर उल्लेख केला, त्याची डावी बाजू या मोटारीने भारतीय ग्राहकापुरती बरीचशी सपाट केली, असे म्हणावयास हरकत नाही. ‘मोटार घेतली की मिस्त्री सांभाळावा लागतो’ ही समजूत मोडण्यास येथून आरंभ झाला.

पण याबरोबर बिघाडाची जातही बदलली. पद्मिनीत कॅमशाफ्ट साखळीने फिरतो. ती सैल झाली की आवाज करून पूर्वसूचना देते. मारुतीत तेच काम दातेरी रबरी पट्टा करतो. तो मुदतीत बदलला तर निर्वेध चालतो, न बदलल्यास कोणतीही सूचना न देता तुटतो. पुढच्या चाकांकडे गती नेणाऱ्या सांध्यांवरील रबरी आवरण फाटले, तर वंगण बाहेर जाऊन व धूळ आत शिरून काही महिन्यांत सांधा निकामी होतो. आवरणाची किंमत मात्र सांध्याच्या तुलनेने क्षुल्लक असते. २००० साली नव्या उत्सर्जन मर्यादा लागू झाल्या, तेव्हा कार्ब्युरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठ्याने घेतली. वारंवार ‘ट्यूनिंग’ करण्याची गरज संपली, इंधन वाचले, धूर कमी झाला. परंतु नियंत्रक पेटी किंवा एखादा संवेदक गेला, तर कानस आणि पाना घेऊन रस्त्यावर काही करता येत नाही.

सारांश, लहान, वारंवार येणाऱ्या आणि जागच्या जागी सुटणाऱ्या बिघाडांच्या जागी विरळ, मोठे आणि सुट्या भागावर अवलंबून असलेले बिघाड आले. पहिल्या विभागातील दोन कल्पित मोटारी त्या याच. तेथे दुसऱ्या मोटारीचे पारडे हलके पडले ते दहा दिवसांच्या प्रतीक्षेमुळे. ती प्रतीक्षा एका दिवसावर आणली तर तिची उपलब्धता ९९.७ टक्क्यांवर जाते आणि पारडे फिरते. मारुतीने नेमके हेच साधले. लक्षावधी मोटारी, देशभर पसरलेली सेवाकेंद्रे आणि गावोगाव मिळणारे सुटे भाग यांमुळे प्रतीक्षेचा काळ आखूड झाला. यंत्राचा दर्जा आणि त्याचा प्रसार हे दोन्ही गुण एकत्र आल्यामुळेच ती मोटार भरवशाची ठरली. उत्तम घडणीची पण विरळ खपाची परदेशी मोटार पंधरा वर्षांनी अडचणीची का होते, याचेही उत्तर येथेच आहे.

६. शिल्लक राहिलेल्यांची साक्ष

‘पूर्वीच्या गाड्या मजबूत होत्या’ या विधानाकडे आता वळता येईल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, परतलेल्या विमानांवरील गोळ्यांच्या खुणा पाहून चिलखत कोठे लावावे हे ठरविताना, न परतलेल्या विमानांचा विचार केला पाहिजे. जुन्या मोटारींबाबतही असेच आहे. आज एखाद्या प्रदर्शनात दिमाखाने चालणारी १९६५ ची फियाट आपल्यापुढे साक्षीला उभी असते. तिच्याबरोबर कारखान्यातून बाहेर पडलेल्या आणि केव्हाच भंगारात गेलेल्या मोटारी साक्षीला येत नाहीत. जी उरली ती बहुधा चांगल्या हातांत पडली म्हणून उरली. तिच्यावरून संपूर्ण पिढीच्या गुणवत्तेचे अनुमान करणे सदोष आहे.

शिवाय वापरकर्त्याची अपेक्षाही बदललेली असते. उन्हाळ्यात घाटात गाडी उकळली तर बोनेट उघडून अर्धा तास थांबणे, हा एकेकाळी प्रवासाचाच भाग मानला जाई; तो ‘बिघाड’ म्हणून कोणी मोजीत नसे. आज तीच घटना गंभीर दोष ठरेल. दोन पिढ्यांच्या मोटारींची तुलना करताना बिघाडाची व्याख्या स्थिर ठेविली नाही, तर आकडे असूनही निष्कर्ष निघत नाही. या विषयावर क्षेत्रीय पाहणी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे विशेषेकरून ध्यानात ठेवावे.

७. ग्राहक आणि माहितीची विषमता

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. मोटारीचे खरे स्वरूप विकणाऱ्यास माहीत असते, घेणाऱ्यास नसते. म्हणून घेणारा सरासरी किंमत देऊ करतो, त्या किमतीत चांगल्या मोटारीचा मालक विकण्यास तयार होत नाही, आणि बाजारात सदोष मालाचे प्रमाण वाढत जाते.

ज्या जातीचे यंत्र सर्वपरिचित आहे तेथे या विषमतेस काहीसा आळा बसतो. साध्या इंजिनाची प्रकृती परकी व्यक्तीही तासाभरात पारखू शकते. निळसर धूर म्हणजे रिंगांवाटे वा व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल जळत आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल अधिक जात आहे. इंजिन तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर म्हणजे गॅसकेटमधून पाणी सिलिंडरात येत आहे. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून चारही आकडे जवळजवळ सारखे आले, तर झीज समान आहे. एकच आकडा खाली असेल तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे. तळाचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिला की गंजाची खोली कळते. ज्याला नवी मोटार परवडत नाही आणि जुनी मोटार फसवी निघाल्यास ज्याची कित्येक महिन्यांची बचत बुडते, अशा ग्राहकाचे हेच खरे संरक्षण आहे.

८. आयुष्याचा शेवट कोण ठरवितो

मोटार केव्हा मोडीत निघते? आर्थिक उत्तर असे की, पुढील दुरुस्तीचा खर्च दुरुस्तीनंतरच्या किमतीहून अधिक होतो तेव्हा. जेथे मजुरी महाग आणि नव्या वस्तू स्वस्त, तेथे ही सीमा लवकर येते. जेथे उलट स्थिती असते, तेथे ती लांबते. भारतातील मोटारींच्या दीर्घायुष्याचे पुष्कळसे रहस्य या गुणोत्तरात आहे, धातूच्या गुणात नव्हे.

तथापि मुंबईच्या टॅक्सीचा शेवट या मार्गाने झाला नाही. महाराष्ट्रात टॅक्सीची वयोमर्यादा आधी पंचवीस वर्षे होती. २०१३ मध्ये ती वीस वर्षे करण्यात आली. मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे नोंदलेली होती. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून या जातीच्या टॅक्सी रस्त्यावरून नाहीशा झाल्या. त्या दिवशी इंजिन बंद पडले नव्हते; मुदत संपली होती.

या नियमाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. चालू राहणे आणि सुरक्षित असणे या एकच गोष्टी नव्हेत. एअरबॅग आणि अपघातात चुरगळून आघात शोषणारा पुढचा भाग या कल्पना जुन्या आराखड्यात नाहीत, आणि कोणताही मिस्त्री त्या नंतर घालू शकत नाही. उत्सर्जनाचीही तीच गोष्ट. पण मग वय हे झिजेचे माप नसून तंत्राच्या पिढीचे माप आहे, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. प्रश्न झिजेचा असेल तर त्याचे उत्तर प्रत्यक्ष तपासणी हे आहे. प्रश्न तंत्राच्या पिढीचा असेल तर वर्षाची मर्यादा समर्थनीय ठरते. दोहोंची गल्लत केली, म्हणजे जपून वापरलेली मोटार मोडीत जाते, आणि मुदतीच्या आत असलेली पण ब्रेक सडलेली मोटार निर्वेध चालू राहते. पहिल्याचा भुर्दंड एका चालकाच्या उपजीविकेवर पडतो. दुसऱ्याचा रस्त्यावरील कोणावरही.

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. स्वस्त व जुन्या लहान मोटारीची विश्वसनीयता हा केवळ मोटारीचा गुण नाही. साधी रचना, अनेक वर्षे न बदललेला नमुना, सहज मिळणारे सुटे भाग, एका यंत्रात मुरलेला मिस्त्री आणि वेळेवर लक्ष देणारा मालक या सर्वांच्या संबंधातून ती निर्माण होते. यातील एकेक दुवा निखळला की तेच यंत्र बेभरवशाचे होते. पद्मिनीच्या बाबतीत हे दुवे आता एकामागून एक सुटत आहेत, आणि मारुती ८०० चे उत्पादन १८ जानेवारी २०१४ रोजी थांबल्यापासून तिच्याभोवतीचे जगही हळूहळू आकसत जाणार आहे. ते पूर्ण आकसण्यापूर्वी गॅरेजांतील वह्या, सुट्या भागांच्या दुकानांतील नोंदी आणि वृद्ध मिस्त्रींचे अनुभव यांचे पद्धतशीर संकलन व्हावयास हवे. विश्वसनीयतेचे जे शास्त्र आपण पुस्तकांतून शिकतो, त्याची प्रत्यक्ष सामग्री बऱ्याच अंशी तेथे पडून आहे.